नात्याचा रकाना

घरकामाला येणारी बाई ही नोकर नसते, ती घरातलीच एक व्यक्ती असते, यावर वर्धा जिल्ह्यात दुमत नाही. ज्यांच्याकडे बाई आहे त्यांचं हेच मत आहे. ज्यांची बाई गेल्या महिन्यात न सांगता काम सोडून गेली, त्यांचंही हेच मत आहे. बाईचं मत काय, ते तेवढं विचारायचं राहून गेलं आहे.

पिपरी मेघेतल्या मधुकरराव देवतळ्यांनी हे मत नुसतं बाळगलं नाही, विम्याच्या फॉर्मवर लिहून दिलं. पुढचं सगळं त्यातून झालं.

मधुकरराव पाटबंधारे खात्यातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाले त्याला अकरा वर्षं झाली होती. पत्नी कोकिळाबाईंना जाऊन सहा. एकुलता एक मुलगा धनंजय टेक्सासात होता. दर रविवारी सकाळी साडेआठला, म्हणजे त्याच्याकडच्या शनिवारी रात्री, तो व्हिडिओवर यायचा आणि ‘बाबा, जेवलात का?’ असं विचारायचा. सकाळी साडेआठला मधुकरराव जेवलेले नसत. पण ‘जेवलो’ म्हटलं की तो प्रश्न संपायचा आणि दुसरा फारसा नसायचा.

घर चार खोल्यांचं. त्यातल्या तीन खोल्यांत मधुकरराव दिवा लावण्यापुरते जात. सकाळी आठला मंदाबाई यायची. मंदाबाई चौपन्न वर्षांची, मूळची हिंगणीकडची. नवरा तानबा वारल्यापासून पिपरीच्या मागच्या वस्तीत एका खोलीत एकटी राहायची आणि चार घरची धुणी-भांडी करायची. पहिलं घर मधुकररावांचं. आल्या आल्या ती दोघांचा चहा ठेवायची. मधुकरराव स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची घेऊन बसत, ती आत पाटावर. त्या वीस मिनिटांत कुणाच्या घरी कोण आजारी, नळ किती वाजता गेला, तुरीला यंदा काय भाव, हे सगळं होऊन जायचं. नंतरच्या दिवसात मधुकरराव दोघांशी बोलत. एक टीव्ही आणि दुसरा सिलेंडरवाला. सिलेंडर दोन महिने पुरायचं.

कोकिळाबाई गेल्या त्या वर्षीची गोष्ट. भाऊबिजेच्या दिवशी मधुकरराव आंघोळ करून नुसतेच बसले होते. त्यांची सख्खी बहीण रुख्माबाई यवतमाळला असते. ती गुडघ्यांमुळे येत नसे. मधुकरराव कशामुळे जात नसत, हे विचारायला कुणी नव्हतं. मंदाबाईनं भांडी आटोपली, हात पुसले, देवघरातलं तबक उचललं आणि म्हणाली, “सनाच्या दिवशी कपाळ कोरडं नोको राहू देऊ, साहेब.” तिनं ओवाळलं. मधुकररावांनी तबकात पाचशेची नोट टाकली आणि उठून बराच वेळ पेरूच्या झाडाला पाणी घातलं. त्या दिवसापासून ती त्यांना ‘साहेब’ऐवजी ‘भाऊ’ म्हणू लागली. पुढे दर वर्षी ओवाळणी झाली. एका दिवाळीला धनंजय आला होता. त्यानं फोटो काढला, ‘बाबा आणि मंदा आत्या’ असं लिहून तो जगाला दाखवला, आणि जगातल्या एकशे चाळीस लोकांनी त्याला बदाम दिले.

विमा धनंजयच्याच डोक्यातून आला. टेक्सासात म्हणे कुणी आपल्या पायरीवर घसरलं तरी घरमालकाला वकील शोधावा लागतो, म्हणून घराचा विमा घेतल्याशिवाय तिथं कुणी झोपत नाही. वर्ध्यात पायरीवर घसरणाऱ्याला ‘पाहून चालता येत नाही का’ असं विचारण्याची पद्धत आहे, हे मधुकररावांनी त्याला सांगून पाहिलं. पण मुलगा दूर असला की त्याची काळजी अशा कागदांतूनच येते, आणि येते तेवढी घ्यावी, असं ठरवून त्यांनी प्रभाकररावांना फोन केला.

प्रभाकरराव सिंदी रेल्वेच्या शाळेतले भूगोलाचे निवृत्त मास्तर. निवृत्तीनंतर विम्याची एजन्सी चालवायचे. दर मार्चला स्कूटरवर यायचे, आणि फॉर्ममधला एकेक रकाना वर्गात प्रश्न विचारावा तसा मोठ्यानं वाचायचे. घराचं बांधकाम कशाचं? आग लागण्यासारखं शेजारी काही आहे काय? शेवटच्या पानावर एक कलम होतं. घरात काम करणाऱ्या नोकराला कामावर असताना इजा झाली, तर नुकसानभरपाई कंपनी देईल. हप्ता अगदीच थोडा वाढतो. मधुकरराव म्हणाले, हे घ्याच. प्रभाकररावांनी त्या कलमापुढे खूण केली, संख्या एक लिहिली, मंदाबाईचं नाव आणि पगार लिहिला. मग मागच्या पानावर गेले. ‘घरात राहणाऱ्या अथवा नित्य येणाऱ्या व्यक्ती.’ नाव, वय, नाते.

“मंदाबाई. चौपन्न. नातं काय लिहू?” त्यांनी मोठ्यानं विचारलं.

मंदाबाई त्याच वेळी चहाचा ट्रे घेऊन समोर उभी होती. मधुकररावांनी आयुष्यभर सरकारी फॉर्म भरले होते आणि कुठला रकाना कशासाठी असतो हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. पण माणूस चहा घेऊन समोर उभं असताना त्याच्या तोंडावर ‘कामवाली’ म्हणायचं, हे काही त्यांच्याकडून झालं नाही.

“मानलेली बहीण लिहा.”

रकाना लहान होता. त्यात ‘बहीण’ एवढंच मावलं.

प्रभाकररावांनी त्यावर मान डोलावली. मंदाबाई लाजून आत गेली. ट्रेमध्ये त्या दिवशी चहाबरोबर बिस्किटंही निघाली.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पारा त्रेचाळीसवर गेला आणि पिपरीतले कूलर माळ्यांवरून खाली आले. मधुकररावांचा कूलर मागच्या खोलीच्या खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसतो. त्याला वाळ्याच्या नव्या ताट्या लावायच्या होत्या. मंदाबाई दर वर्षी स्टुलावर चढून त्या लावायची आणि मधुकरराव खाली स्टूल धरायचे. स्टुलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली पुठ्ठ्याची घडी असायची. त्या दिवशी रविवार होता. दोन ताट्या लावून झाल्या आणि पुढच्या खोलीत फोन वाजला. साडेआठ वाजले होते. मधुकरराव म्हणाले, एक मिनिट थांब, उतरू नको. ते आत गेले.

“जेवलो,” असं ते फोनवर म्हणत होते, तेव्हा मागून आवाज आला.

मंदाबाईचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. आत धातूची पट्टी टाकावी लागली. दवाखान्याचा तो खर्च मधुकररावांनी केला. त्यासाठी त्यांनी एक ठेव मोडली आणि धनंजयला सांगितलं नाही. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं, पण बोटं पुरती मिटेनात. डॉक्टरांनी वाकवून पाहिली, शेकायला सांगितली, दोन महिन्यांनी पुन्हा पाहिली आणि कागदावर कायमचं अपंगत्व लिहून दिलं. भांडं धरता येत होतं, घासता येत नव्हतं. बाकीच्या तीन घरांनी पंधरा दिवस वाट पाहिली. मग तिन्ही घरांत घरातलीच दुसरी एक व्यक्ती आली.

मधुकरराव पगार देत राहिले. मंदाबाई तरीही रोज आठला यायची, डाव्या हातानं चहा ठेवायची, जमेल तसा झाडू फिरवायची. दोन महिन्यांनी तिनंच विषय काढला.

“किती दिवस असं देसान, भाऊ? तुमच्या खिशातले नोको. त्या कंपनीचे घेऊ. कंपनीचे घेतले तं कोनाच्या तोंडाकडे पाहा लागत नाई.”

मधुकररावांनी क्लेम केला. डॉक्टरांचे कागद, एक्स-रे, पॉलिसी, सगळं क्रमांक घालून, सूची जोडून. पाटबंधारे खात्यात अशी फाईल कुणी केली असती तर ती इतरांना दाखवली गेली असती. सप्टेंबरात कंपनीचं पत्र आलं. इंग्रजी पत्र होतं. त्यात सहानुभूतीचं एक वाक्य होतं आणि त्याखाली म्हटलं होतं की, विमाधारकाच्या कुटुंबातली व्यक्ती या कलमाखाली नोकर धरली जात नाही. जखमी व्यक्ती ही विमाधारकाची बहीण असल्याचं विमाधारकानं स्वतःच नमूद केलं आहे. सबब खुलासा येईपर्यंत दावा प्रलंबित.

प्रभाकरराव स्कूटरवर आले. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि आपण त्या रकान्यात नुसती आडवी रेघ मारली असती तर बरं झालं असतं, असं कबूल केलं. मग उपाय सांगितला. मधुकररावांनी शंभराच्या की पाचशेच्या स्टॅम्पवर, जो चालत असेल त्यावर, प्रतिज्ञापत्र करून द्यायचं. मंदाबाई त्यांची कोणी नाही, पगारी कामवाली आहे. मसुदा ते घेऊनच आले होते. ‘सदर मंदाबाईशी माझे रक्ताचे, लग्नाचे वा मानलेले कोणतेही नाते नाही, पूर्वी नव्हते.’ त्यातलं ‘मानलेले’ हे प्रभाकररावांनी स्वतः घातलं होतं. एकदा चूक झाली की पुढच्या वेळी कुठलीच फट ठेवू नये, असं त्यांचं म्हणणं पडलं.

मधुकररावांनी मसुदा टेबलावर ठेवला आणि तो तिथं सोळा दिवस राहिला. त्यावर वर्तमानपत्र ठेवलं गेलं, मग दुसऱ्या दिवशीचं ठेवलं गेलं. खोटं लिहून देणं त्यांना जमत नव्हतं, असं ते प्रभाकररावांना फोनवर म्हणाले. प्रभाकरराव म्हणाले, यात खोटं कुठलं आहे? यात खोटं काहीच नव्हतं, आणि तीच खरी अडचण होती.

सतराव्या दिवशी मंदाबाईनं चहाच्या वेळी विचारलं, “ते कागद काऊन देऊन नाई राह्यले तुमी?”

“त्यात तू माझी कोणी नाहीस असं लिहा लागते, मंदाबाई.”

“मंग लिहा न.”

“सहा वर्षं ओवाळलं तू मले.”

“मी काय ते परत मागून राह्यली काय?” ती म्हणाली. मग तिनं उजवा हात पुढे केला आणि मूठ मिटायचा प्रयत्न करून दाखवला. बोटं अर्ध्यावर थांबली. “तुमचं नातं कागदावरचं हाय, भाऊ, खोडलं तं खोडलं. हे मूठ कागदावर नाई मिटत.”

मधुकरराव त्याच दिवशी ऑटोनं वर्ध्याला, कोर्टाजवळ गेले. टाइप करणाऱ्यानं मसुदा वाचला आणि घरचं भांडण आहे काय, असं विचारलं. नाही म्हटल्यावर त्याचा रस गेला.

दिवाळी जवळ आली. मंदाबाईनं यंदा घरातली कोळ्यांची जाळी काढली नाहीत, तिला काढता आली नसती. मधुकररावांनी झाडूला काठी बांधून हात पोचेल तेवढी काढली. भाऊबिजेच्या आदल्या दिवशी जाताना ती दारात थांबली.

“उद्या ओवाळाले येत नाई मी. कंपनीवाले फोटो पाह्यतेत म्हने.”

“फोटो कोण काढणार आहे? धनंजय तं तिकडे आहे.”

“कोनी बी काढते आजकाल. पैसे हाती येऊ द्या, मंग पाहू.”

हे व्यवहारी होतं आणि मधुकररावांनी ते मान्य केलं. भाऊबिजेला ते लवकर उठले, नवा सदरा घातला आणि पेपर वाचला. बाहेर ऊन वाढलं तसं पुढच्या गल्लीतून बहिणी येऊ लागल्या, कुणी स्कूटीवर, कुणी डबा घेऊन. दुपारी त्यांनी कूलर लावला. ऑक्टोबरच्या शेवटी कूलरची गरज नव्हती. पण त्याचा पंखा फिरतो तेव्हा मागच्या खोलीत कुणीतरी कामात आहे असं वाटतं. जेवायला बसताना त्यांनी सवयीनं कपाळाला हात लावून पाहिला आणि मग जेवले.

नोव्हेंबरात चौकशीला नागपूरहून दीपमाला नावाच्या बाई आल्या. पस्तिशीच्या, खांद्याला बॅग, हातात टॅब, बोलायला गोड. मधुकररावांकडे येण्याआधी त्या शेजारी जाऊन आल्या होत्या. शेजारच्या रक्षावहिनींनी त्यांना सरबत दिलं आणि मंदाबाईविषयी विचारल्यावर अगदी मनापासून सांगितलं, त्या तर काकांच्या बहिणीच आहेत, दर वर्षी ओवाळतात, आजकाल सख्खे असं करत नाहीत. रक्षावहिनींना त्यात मधुकररावांची स्तुती करायची होती. दीपमालाबाईंनी ती लिहून घेतली.

मग त्यांनी टॅबवर धनंजयनं टाकलेला फोटो काढून दाखवला. बाबा आणि मंदा आत्या. एकशे चाळीस बदाम.

मधुकररावांनी प्रतिज्ञापत्राची प्रत पुढे केली.

“प्रतिज्ञापत्र सगळेच करतात, काका. मागच्याच महिन्यात एक केस पकडली मी. सख्ख्या बहिणीला कामवाली दाखवलं होतं. त्यांनीही असंच टाइप करून दिलं होतं, अगदी ‘मानलेले’सकट.” हे त्या रागानं म्हणाल्या नाहीत. त्या कशातच राग आणत नव्हत्या.

त्यांनी प्रश्न विचारले. पगार कसा देता? रोख. कुठं नोंद? नाही. खाडे कापता का? मधुकरराव थोड्या अभिमानानं म्हणाले की त्यांनी आजवर एकही खाडा कापलेला नाही. नवरा आजारी होता तेव्हा ती दोन महिने आली नाही, तरी पगार दिला होता. हात मोडल्यावरही देत आहात? हो. दवाखान्याचा खर्च कुणी केला? मी. का? याचं उत्तर देताना मधुकररावांना आपण खोल पाण्यात चाललो आहोत हे कळत होतं. त्यांचा एकेक चांगुलपणा दीपमालाबाई टॅबवर लिहून घेत होत्या आणि तो मंदाबाईच्या विरुद्ध जमा होत होता.

मंदाबाई आतून चहा घेऊन आली. डाव्या हातात ट्रे, उजव्याचा नुसता आधार. तिनं एक कप पाहुण्यांपुढे ठेवला, एक मधुकररावांपुढे, आणि म्हणाली, “घ्या, साहेब.”

मधुकररावांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. सहा वर्षांनी तो शब्द ऐकल्यावर तो आपल्यालाच आहे हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला.

“तुम्ही नाही घेत?” दीपमालाबाईंनी मंदाबाईला विचारलं.

“घेते न. आत घेते.”

दीपमालाबाई कप हातात घेऊन उठल्या आणि तिच्यामागून स्वयंपाकघरात गेल्या. मधुकरराव दाराशी, आपल्या नेहमीच्या खुर्चीजवळ उभे राहिले. मंदाबाईनं मागचं दार उघडलं, हात बाहेर काढला आणि खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावरून पालथा घातलेला एक कप उचलला. कान तुटलेला, वरची फुलं धुऊन धुऊन गेलेली. तो विसळून तिनं त्यात पातेल्यातला उरलेला चहा ओतला आणि पाटावर बसली.

“हा कप बाहेर का?”

“माह्या हाय.”

“वेगळा?”

“साहेबाच्या बाईंनी देल्ला होता, मी कामाले लागली तवा. सतरा वर्सं झाली. तिथंच राह्यते तो.”

“आतल्या कपांत नाही ठेवत कधी?”

“कायले?” मंदाबाईला प्रश्नच कळला नाही. “माह्या कप हाय न तो.”

दीपमालाबाईंनी फळीवरच्या सहा कपांचा फोटो घेतला, मग बाहेरच्या कट्ट्याचा, मग कपासकट मंदाबाईचा. मधुकरराव दारातून पाहत होते. सहा वर्षं रोज सकाळी वीस मिनिटं ते इथंच बसून तिच्याबरोबर चहा प्यायले होते. तो कप त्यांनी पाहिला नव्हता असं म्हणता येणार नाही. पाहण्यासारखं त्यात काही नव्हतं एवढंच.

“झालं, काका,” दीपमालाबाई टॅब बॅगेत घालत म्हणाल्या. “सख्ख्या बहिणीचा कप कोणी खिडकीबाहेर ठेवत नाही. तुमच्या प्रतिज्ञापत्राला आता आधार मिळाला.”

चहा चांगला झाला होता, हेही त्या जाता जाता म्हणाल्या.

त्या गेल्यावर मधुकरराव स्वयंपाकघरात आले. मंदाबाई कप धुऊन पुन्हा खिडकीबाहेर ठेवत होती.

“तो आत ठेव, मंदाबाई.”

“राहू द्या न, साहेब,” ती म्हणाली. “केस तं पास होऊ द्या आधी.”

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात केस पास झाली. पैसे थेट मंदाबाईच्या खात्यात आले. ती पावभर पेढे घेऊन आली, एक देवापुढे ठेवला, एक कोकिळाबाईंच्या फोटोपुढे, एक मधुकररावांच्या हातावर. मग सांगितलं की ती आता हिंगणीला चालली. तिची मुलगी आचल तिथं दिलेली आहे. बोरच्या जंगलात सफारीला जाणाऱ्यांसाठी आचलनं रस्त्यावर चहा-नाश्त्याचं दुकान टाकायचं ठरवलं होतं, भांडवल नव्हतं, ते आता झालं. मंदाबाई गल्ल्यावर बसणार. गल्ल्याला एक हात पुरतो.

मधुकरराव म्हणाले, चांगलं झालं. ते खरंच चांगलं झालं होतं. त्यांनी ते दोनदा म्हटलं. आठच्या चहाचं काय, हे विचारायचं त्यांच्या मनात आलं, पण त्या कलमाखाली काही नुकसानभरपाई नव्हती.

जाताना तिनं घराची किल्ली फ्रिजवर ठेवली, गॅसचं बटण बंद आहे का ते पाहिलं, आणि कूलरचं पाणी काढून टाका, नाहीतर पत्रा सडते, असं सांगितलं. कप तिनं नेला नाही. ती विसरली असेल, किंवा तो घराचाच आहे असं तिला वाटलं असेल.

जानेवारीत मधुकरराव एसटीनं हिंगणीला गेले. सोबत डॉक्टरांचा एक जुना कागद घेतला होता, तो तिच्याकडे असलेला बरा म्हणून. त्या कागदाची तिला काही गरज नव्हती. दुकान छान होतं. हिरवी ताडपत्री, दोन बाकं, वाघाचं चित्र. नागपूरच्या गाडीतून उतरलेली दहाबारा माणसं आलुबोंडे खात होती. मंदाबाई गल्ल्यावर बसली होती, अंगावर नवी शाल होती, आणि ती डाव्या हातानं सुटे पैसे इतक्या सफाईनं देत होती की उजवा कधी लागत होता असं वाटू नये. मधुकररावांना पाहून ती उठली. साहेब, म्हणाली, या, बसा. बाकावर एका बाईनं सरकून जागा दिली आणि सहज विचारलं, हे तुमचे कोण.

“मी यायच्या घरी कामाले होती,” मंदाबाई म्हणाली. “लय चांगले हायेत. एक खाडा नाई कापला कधी.”

आचलनं चहा आणून दिला, सगळ्यांना देतात तसा कागदी कपात. गर्दी वाढली. मंदाबाईला बोलायला फुरसत झाली नाही. एसटीची वेळ होती म्हणून मधुकरराव उठले. मंदाबाईनं मुलीला पैसे घेऊ नको म्हणून खूण केली. मधुकररावांनी तरी दहाचं नाणं गल्ल्याशेजारी ठेवलं. गर्दीत आचलनं ते उचलून गल्ल्यात टाकलं.

“दिवाळीले येजो,” ते म्हणाले.

“पाहू न, साहेब. दिवाळीत सफारीले लय गर्दी राह्यते.”

परत आल्यावर त्यांनी मागच्या खिडकीतला कप आत घेतला, घासला आणि फळीवर इतर कपांशेजारी ठेवला. सहा कपांचे सात झाले. चहा एकाच कपात व्हायचा. दुसरी बाई लावा असं रक्षावहिनी दोनदा सांगून गेल्या. एकट्याची भांडी ती काय, असं म्हणून मधुकररावांनी ती स्वतः घासायला सुरुवात केली. ती पाच मिनिटांत होत. रविवारी धनंजय विचारायचा, मंदा आत्या कशी आहे? बरी आहे, ते सांगत. जेवलात का? जेवलो.

मार्चमध्ये प्रभाकरराव स्कूटरवर आले. पॉलिसीचं नूतनीकरण होतं. गेल्या खेपेचा अनुभव लक्षात घेऊन ते या वेळी अधिकच सावकाश वाचत होते. बांधकाम कशाचं? तेच. आग लागण्यासारखं शेजारी काही? नाही. घरात काम करणारे नोकर?

“नाही.”

“घरात राहणाऱ्या अथवा नित्य येणाऱ्या व्यक्ती? नाव, वय, नाते.”

मधुकररावांनी विचार केला. प्रभाकरराव पेन धरून थांबले. स्वयंपाकघरात गॅसवर दूध वर येत होतं. मधुकरराव उठून गेले, गॅस बंद केला, परत येऊन बसले.

“नाही,” ते म्हणाले.

प्रभाकररावांनी त्या रकान्यात एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवी रेघ मारली आणि हिशेब केला. हप्ता गेल्या वर्षीपेक्षा एकशे बारा रुपयांनी कमी आला. त्यात जीएसटी धरला आहे.